शरद ऋतूत गुलाबाच्या झुडपांचे स्थलांतर

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळस व त्याच्या आसपासचा मुलूख काळ्या, भारी जमिनीचा आहे. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व हरभरा ही या मुलखातील नेहमीची पिके होत. गुलाब हे येथील मुख्य पीक नव्हे. तथापि विहिरीच्या काठी, घराच्या परसात किंवा शाळेच्या आवारात लावलेली गुलाबाची दहावीस झुडपेदेखील कुटुंबास थोडीफार रोख मिळकत देऊ शकतात. परभणी येथे हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दर वर्षी फेब्रुवारी महिन्यात भरतो व त्याच सुमारास लग्नसराईही असते. अशा वेळी गुलाबाच्या फुलास गिऱ्हाईक शोधावे लागत नाही.

अशी झुडपे जागेवरून हलविण्याची पाळी कधी ना कधी येते. घराचे बांधकाम काढावयाचे असते, रस्ता रुंद व्हावयाचा असतो, शेजारचा लिंब वाढून सावली पडू लागते किंवा पावसाळ्यात वाफ्यात पाणी साचून झुडपे पिवळी पडतात. त्या वेळी शेतकऱ्यापुढे दोनच मार्ग दिसतात : झुडपे तोडून टाकणे किंवा घाईने उपटून दुसरीकडे पुरणे. दोहोंचाही शेवट बहुधा एकच होतो. कलम लावून दोनतीन वर्षे जोपासलेले झुडूप गेले म्हणजे तितक्या वर्षांचे पाणी, खत व मेहनत वाया जाते. योग्य वेळी व योग्य रीतीने काम केल्यास मात्र बहुतेक निरोगी झुडपे वाचविता येतात.

शरद ऋतूच का?

युरोपातील थंड देशांत गुलाबाची झुडपे हिवाळ्यात पाने गाळून निद्रिस्त होतात. त्या अवस्थेत ती मातीशिवाय, उघड्या मुळांनीही हलविता येतात. मराठवाड्यात गुलाबास अशी पूर्ण विश्रांती मिळत नाही. येथे पानांतून पाणी उडून जाण्याची क्रिया बाराही महिने चालू असते. झुडूप खणून काढताना पाणी शोषणारी बारीक मुळे तुटतात. वरील पाने मात्र पूर्वीइतकेच पाणी मागतात. ही तफावत हेच झुडूप सुकण्याचे खरे कारण होय. स्थलांतराच्या साऱ्या कृती या एका गोष्टीभोवती फिरतात : मुळे कमी झाली, तर वरचा भारही कमी करावा, आणि नवी मुळे फुटेपर्यंत झुडपास उन्हापासून जपावे.

पावसाळा संपताना जमिनीत ओल खोलवर असते. पुढे हवा थंड होत जाते व कडक उन्हाळ्यास चार महिन्यांहून अधिक अवकाश असतो. तेवढ्यात मुळे नव्या जागी धरतात. परंतु पाऊस उघडताच घाई करू नये. हस्त व चित्रा नक्षत्रांत पावसाची सर अवचित येते आणि पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरचे ऊन चटका देणारे असते. स्वाती नक्षत्र लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ या कामास सर्वांत सोयीचा समजावा. डिसेंबरात किमान तापमान काही वेळा १० अंश सेल्सिअसच्या खाली जाते व मुळांची वाढ मंदावते. फेब्रुवारीनंतर तर हे काम हाती घेऊच नये.

कोणती झुडपे हलवावीत?

एक ते चार वर्षे वयाची, जोमदार फांद्यांची झुडपे निवडावीत. सहासात वर्षांची, जाड बुंध्याची झुडपे हलविण्यापेक्षा नवी कलमे आणणे किंवा त्याच झुडपांचे डोळे घेऊन नव्या खुंटावर भरणे फायद्याचे ठरते. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडून वाळत असतील तर रोगट भाग निरोगी लाकडापर्यंत छाटून पाहावा. खणल्यावर मुळांवर किंवा बुंध्याशी मोठ्या खडबडीत गाठी दिसल्या तर ते झुडूप जाळून टाकावे. नव्या जागी नेऊ नये.

झुडपांची संख्या ठरविण्यापूर्वी विहिरीकडे पाहावे. एप्रिल व मे महिन्यांत प्रत्येक झुडपास चार दिवसांआड १० लिटर पाणी धरले, तर २० झुडपांस एका पाळीला २०० लिटर व दोन महिन्यांच्या सुमारे १५ पाळ्यांना ३,००० लिटर पाणी लागेल. इतके पाणी उन्हाळ्यात खात्रीने मिळणार नसेल तर वीसाऐवजी दहाच झुडपे हलवावीत. १९७२ चा दुष्काळ अनुभवलेल्या या मुलखात हा हिशेब कोणास निराळा समजावून सांगावयास नको.

जागा व खड्डे

नवी जागा उघडी, दिवसातून निदान सहा तास ऊन मिळणारी व पाण्याचा निचरा होणारी असावी. जेथे पूर्वी गुलाबच होता अशा ठिकाणी पुन्हा गुलाब लावू नये. अशा मातीत नव्या झुडपाची वाढ खुंटते.

लागणीपूर्वी पंधरा दिवस दीड फूट (४५ सें.मी.) लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत. दोन झुडपांत अडीच फूट अंतर ठेवावे. खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे राहिले तर ती जागा सोडून द्यावी. काळ्या जमिनीत एक चूक वारंवार होते. खड्डा भुसभुशीत खतमातीने भरला, पण भोवतालची जमीन चिकण राहिली, म्हणजे पावसाचे पाणी त्या खड्ड्यात हौदासारखे साठते व मुळे कुजतात. यास्तव खड्डा भरून न थांबता त्यावर जमिनीपासून अर्धा फूट उंचीचा गादीवाफा करावा व कडेने चर काढावा.

भरण्यासाठी वरच्या थरातील मातीचे दोन भाग, चांगल्या कुजलेल्या शेणखताचा एक भाग व बारीक मुरूम किंवा वाळूचा एक भाग घ्यावा. प्रत्येक खड्ड्यात १०० ग्रॅम सुपर फॉस्फेट व वाळवीच्या बंदोबस्तासाठी पाव किलो निंबोळी पेंड मिसळावी. कच्चे शेणखत मुळीच घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे दुखावतात व वाळवी येते.

झुडूप काढण्याची रीत

१. काढण्यापूर्वी दोन आठवडे बुंध्यापासून पाऊण फुटावर धारदार कुदळीने अर्ध्या वर्तुळात मुळे कापून घ्यावीत. कापलेल्या जागी बारीक मुळे फुटू लागतात.

२. काढण्याच्या दोनतीन दिवस आधी पाणी द्यावे. काळी माती वाफशावर असतानाच खणावी. ओली असता ती कुदळीस चिकटून मुळे ओढते. वाळलेली असता भेगा पडून हुंडी फुटते.

३. खणण्यापूर्वी छाटणी करावी. चार ते सहा निरोगी फांद्या राखून त्या जमिनीपासून एक ते सव्वा फुटावर, बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरप्या कापाव्यात. उरलेली पाने, कळ्या व फुले काढून टाकावीत. फुलांनी लवलेले झुडूप असे बोडके करताना शेतकऱ्याचा जीव कचरतो. परंतु या कामात पाने राखण्याचा मोह झुडपाच्या जिवावर बेततो.

४. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. १०० ग्रॅम मोरचूद व १०० ग्रॅम कळीचा चुना एक लिटर पाण्यात मिळून हे मलम तयार होते. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत, निम्म्या निम्म्या पाण्यात कालवून मग एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये.

५. दिवस कलल्यावर बुंध्याभोवती पाऊण फुटावर चर खणून एक फूट खोलीवर सब्बलीने हुंडी सोडवावी व गोणपाटावर सरकवून चारी टोके बांधावीत. झुडूप बुंध्यास धरून उपटू नये. हुंडी फुटलीच तर मुळे शेणकाल्यात बुडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तत्काळ लागण करावी.

लागण व नंतरची निगा

कलमाचा सांधा जमिनीच्या वर सुमारे दोन इंच राहील अशा बेताने झुडूप बसवावे. थंड देशांत बर्फापासून रक्षणासाठी सांधा मातीत गाडतात. त्याचे अनुकरण येथे करू नये, कारण ओल्या काळ्या मातीत सांधा कुजण्याची भीती असते. माती हाताने दाबून पोकळी काढावी व लगेच १० लिटर पाणी सावकाश सोडावे. माती खचल्यास भर घालावी.

पश्चिमेकडून पळाट्या किंवा कडबा उभा करून पहिले दहा दिवस सावली द्यावी. दुसरे पाणी तिसऱ्या दिवशी व पुढील पाणी माती पाहून द्यावे. चार बोटे खोल उकरून मूठभर माती दाबावी. गोळा होत असेल तर पाण्याची गरज नाही. काळ्या जमिनीत कोमेजलेल्या झुडपास रोज पाणी घालणे हे मुळे कुजविण्याचे साधन ठरते. बुंध्याभोवती वाळलेल्या गवताचे आच्छादन करावे, परंतु ते बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवावे.

साधारणपणे दोनतीन आठवड्यांत डोळे फुगू लागतात. एखादे झुडूप स्तब्ध दिसले तर फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे असेल तर ते जिवंत आहे, उपटू नये. पहिली फूट येताच झुडूप लागले असे मात्र समजू नये. ही फूट फांदीत साठविलेल्या अन्नावर येते; मुळे त्यानंतरही काही आठवडे कच्ची असतात. म्हणून पहिला महिनाभर रासायनिक खत देऊ नये आणि जानेवारी अखेरपर्यंत येणाऱ्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडाव्यात. उरुसाच्या व लग्नसराईच्या भावाकडे पाहून पहिल्याच हंगामात फुले घेतली, तर अशक्त झुडूप वैशाखाच्या उन्हात टिकत नाही. एका हंगामाची फुले सोडली म्हणजे पुढील काही वर्षांची फुले हाती राहतात.

सांध्याच्या खालून येणारी फूट जंगली खुंटाची असते. ती वरून न कापता मुळाशी ओढून काढावी. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस व १ ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून सकाळी फवारावे.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती केवळ तोंडी सांगू नये. स्वाती नक्षत्रात एखाद्या शेतकऱ्याच्या परसातील दोन झुडपे वरील रीतीने गावकऱ्यांसमक्ष हलवावीत. तीन आठवड्यांनी तेथेच पुन्हा सर्वांस जमवून डोळे दाखवावेत, आणि मे महिन्यात तिसऱ्यांदा जावे. नोव्हेंबरातील हिरवी फूट पाहून कोणीही खूष होईल. स्थलांतर साधले की नाही, याचा निवाडा मे महिन्याचे ऊनच देते.