चटईखालची ओल

(जुन्या मोटारीत आढळलेली थोडीशी ओल आणि तिच्या कारणाचा शोध यांविषयीची आपली आठवण लेखकाने या पाठात सांगितली आहे.)

२००४ सालचा जुलै महिना होता. मी तेव्हा नववीत शिकत होतो. धुळ्याला खालाच्या मुलीचा निकाह होता. त्यात मामू वधूचे वकील होते, म्हणून वेळेवर पोहोचणे फार जरुरीचे होते. आम्ही सकाळीच मामूंच्या मोटारीतून जळगावहून निघालो. अम्मी पुढे बसली होती. धाकटी बहीण आणि मी मागे होतो.

मामूंची मोटार म्हणजे १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट मोटारीच्या नमुन्यावर ही गाडी तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमध्ये अनेक वर्षे हीच गाडी जास्त दिसे. आता तिचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. मामूंना मात्र आपली गाडी जिवापाड प्रिय होती.

रिमझिम पाऊस पडत होता. एरंडोल जवळ आले, तेव्हा मामू म्हणाले, "पेडलवरून पाय घसरतोय. काचेच्या रबरातून पाणी आत येत असावं."

चहासाठी गाडी थांबली. अम्मीने फडके घेतले आणि मामूंच्या पायाखालची रबरी चटई उचलली. खालचे नमदे भिजले होते. तिने तिथे बोट लावले, ते अंगठ्यावर घासून पाहिले आणि ती म्हणाली, "भाईजान, हे पाणी नाही. बोटाला निसरडं लागतंय. आणि इकडे बघा, पेडलजवळचा रंग फुगून निघालाय. पावसाच्या पाण्याने असा रंग निघतो का?"

मामूंना घाई होती. "उगीच शंका काढतेस. गेल्या आठवड्यापासून अशीच ओल आहे," ते म्हणाले. पण अम्मी गाडीत बसायला तयार होईना. शेवटी हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील वयस्क मिस्त्रींना सगळे 'नाना' म्हणत.

नानांनी आधी हत्यार हातात घेतलेच नाही. त्यांनी मामूंना विचारले, "भाऊ, ब्रेक ऑइल कितीदा भरावं लागतं?"

"या महिन्यात दोनदा भरलं," मामू हळूच म्हणाले.

नानांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतले. नमद्यातून पिळलेले दोन-चार थेंब त्यात टाकले. थेंब पाण्यात मिसळून गेले. मग दुसऱ्या पेल्यात त्यांनी इंजिन ऑइलचा थेंब टाकला. तो पाण्यावर तरंगत राहिला. नाना मला म्हणाले, "बेटा, नाव ऑइल असलं तरी ब्रेक ऑइल हे खरं तेल नव्हे. ते पाण्यात विरघळतं, हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि रंग खातं. तुझ्या अम्मीने बरोबर ओळखलं."

नंतर त्यांनी मामूंना ब्रेकचे पेडल जोराने दाबून धरायला सांगितले. पेडल एका जागी थांबले नाही. ते हळूहळू खाली जात राहिले आणि शेवटी तळाला टेकले. मामूंचा चेहरा उतरला.

"डबा भरून घेऊ आणि धुळ्याला गेल्यावर बघू," मामू म्हणाले.

"भरता येईल, भाऊ, पण पहिलं ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने दुसरंही जाईल. पुढे रस्ताभर ट्रक आहेत. एखादा अचानक थांबला, तर काय कराल?" नानांनी विचारले.

मामू काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली नानांच्या हातात ठेवली. आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. अर्धा तास उशीर झाला, पण काझीसाहेब थांबले होते. निकाह पार पडला.

धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना मिळतात. त्यामुळे तेथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने पुष्कळ आहेत. दुसऱ्या दिवशी तेथून रबरी सील व ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा घेऊन मामू आणि मी एरंडोलला परतलो.

नानांनी मास्टर सिलिंडर उघडून दाखवला. पेडल दाबले की त्यातील दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलवर दाब देतो. हा दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम वाचला होता. तो मी तेथे प्रत्यक्ष पाहिला. दट्ट्याचे रबरी सील झिजले होते. तेथून निघालेला द्रव पेडलच्या दांड्यावरून चटईखाली उतरत होता. "थेंब पडतो खाली, पण त्याचं घर असतं वर. म्हणून ओल दिसली की खालून वर बघत जावं," नाना म्हणाले.

सील बदलल्यावर नळ्यांमधील हवा काढावी लागली. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून नळीत हवा राहिली, तर पेडल स्पंजासारखे लागते आणि ब्रेक नीट लागत नाही.

मग साफसफाई सुरू झाली. नानांनी ओलीवर लाकडाचा भुसा पसरला. भुशाने द्रव शोषल्यावर तो गोळा करून पत्र्याच्या डब्यात टाकला. गटारात टाकू दिला नाही. नंतर मी साबणाच्या पाण्याने पत्रा धुतला, कोरडा पुसला आणि स्वतःचे हातही स्वच्छ धुतले. जुने नमदे काढून टाकले. जेथे रंग निघून गंज चढला होता, तेथे पत्रा घासून नवा रंग लावला. सगळे कोरडे झाल्यावर नानांनी तेथे पांढरा कागद अंथरला. "रात्रभर राहू दे. सकाळी कागदच सांगेल," ते म्हणाले.

गाडीतील इतर द्रव कसे ओळखायचे, तेही त्यांनी मला शिकवले. पावसाच्या पाण्याला वास नसतो आणि ते मागे काही न ठेवता वाळते. रेडिएटरचे पाणी बहुधा गंजाने तांबूस झालेले असते. त्यात कूलंट असेल, तर ते रंगीत दिसते व त्याला गोडसर वास येतो. ते विषारी असते, म्हणून चाखून पाहू नये. वापरलेले इंजिन ऑइल काळे असते. गिअर ऑइल घट्ट असून त्याला उग्र वास येतो. पेट्रोलचा वास आला, तर इंजिन बंद करावे आणि जवळ काडीसुद्धा पेटवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा होता. मामूंनी पेडल दाबले. ते निम्म्यावर येऊन घट्ट थांबले. पैसे देताना मामू म्हणाले, "नाना, तुमचे उपकार झाले." नाना म्हणाले, "उपकार ताईंचे माना. त्यांनी चटई उचलली."

मामूंची गाडी आता पन्नाशीला आली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करता येते. ती नोंदणी करण्याची मामूंची फार इच्छा आहे. गाडी आता क्वचितच रस्त्यावर येते. पण ती बाहेर काढण्यापूर्वी मामू आधी चटई उचलतात, खाली बोट फिरवतात आणि मगच किल्ली लावतात.

शब्दार्थ
ओल – ओलसरपणा
नमदे – लोकरीचे जाड अंथरूण
निसरडे – पाय किंवा हात घसरेल असे
दट्ट्या – नळीत पुढे-मागे सरकणारा भाग
चेहरा उतरणे – निराश होणे

स्वाध्याय
१. अम्मीने ती ओल पाण्याची नाही हे कशावरून ओळखले?
२. नुसते ब्रेक ऑइल भरून पुढे जाणे धोक्याचे का होते?
३. 'थेंब पडतो खाली, पण त्याचं घर असतं वर' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'जिवापाड प्रिय असणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रींना भेटा. त्यांच्या कामाविषयी आठ-दहा वाक्ये मराठीत लिहा.