बालेवाडीला निघालात? आधी आत्याचं ऐका

बाळा, परवा फोनवर म्हणालास, "आत्या, या खेपेला पोरांना मोटारसायकलींच्या उड्या दाखवायला पुण्याला नेणार." ने की! २०२४ च्या जानेवारीत, २८ तारखेच्या रविवारी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा आम्ही इंदापूरहून आठजण एका गाडीत कोंबून गेलो होतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात केल्या नसतील इतक्या चुका मी त्या एका दिवसात केल्या. त्या सगळ्या तुला फुकट देतेय, जपून वापर.

१. तुम्ही बारामतीकर मोरगाव-सासवडवरून जा नाहीतर पाटसवरून, पण "पुणं आलं" म्हणजे बालेवाडी आली असं समजू नकोस — हडपसर दिसलं की पोरं चपला शोधायला लागतात, आणि संकुल शहराच्या पार पलीकडच्या टोकाला आहे.

२. वाटेत झणझणीत काही खायचं नाही. आम्ही जाताना भिगवणला मासे चापले — तुझ्या काकांनी पहिली शर्यत स्वच्छतागृहाच्या रांगेतून नुसती ऐकली.

३. भाकरी, शेंगाचटणी, दशम्या बांधून घे आणि गाडीतच खाऊन घ्या — डबा दारातून आत सोडतीलच असं नाही, आणि पोट भरलेलं पोर नि हवा भरलेलं टायर वाटेत रडत नाही.

४. कान सांभाळ. मी कापसाचे बोळे नेले होते, ते पहिल्याच मिनिटाला निरुपयोगी ठरले. औषधाच्या दुकानात फोमची बुचं मिळतात, ती ने. धाकटीला कानांवर बसणारे जाडजूड मफ आण — आवाज १०० डेसिबलवर गेला की पंधरा मिनिटांत कानाचा दिवसभराचा कोटा संपतो, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. ४५० सीसीच्या गाड्या ओळीनं उभ्या राहून रेस होतात तेव्हा आवाज कानांत नाही, बरगड्यांत घुसतो. कान गेले तर सासूबाईंचं बोलणं गोड लागेल हे खरं, पण तेवढ्यासाठी पोरांचे कान घालवू नकोस.

५. पुढच्या रांगेचा हट्ट धरू नकोस — पुढून एक उडी आणि मूठभर माती, वरून मात्र अख्खा मार्ग दिसतो.

६. आत शिरण्याआधी पोरांना खेळ समजावून सांग. बैलगाड्यांच्या मैदानात झेंडा पडतो, इथे सगळ्यांच्या पुढच्या चाकासमोरचं फाटक एकदम खाली पडतं. तिथून पहिल्या वळणावर कोण आधी पोचतो तेवढं बघायला लाव. पिवळा झेंडा हलला तर पुढे कुणीतरी पडलंय, तिथे ओलांडून पुढे जायचं नाही. चौकडीचा दिसला की संपलं — कळत नसलं की पोरं दहाव्या मिनिटाला आइस्क्रीम मागतात.

७. स्वार पडतात, हे आधीच सांगून ठेव — आमच्या चिनूनं पहिल्या पडझडीलाच भोकाड पसरलं, तोवर तो गडी उठून पुन्हा गाडीवर बसलासुद्धा होता.

८. ८५ सीसीचा मुलांचा गट धावला की तुझा थोरला विचारणार, "मग मी का नाही?" त्याला हसून उडवू नकोस, खरं उत्तर दे. ती पोरं बंद मार्गावर, डोक्यापासून घोट्यापर्यंत चिलखत घालून, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली चालवतात. रस्त्यावर अठरा पूर्ण झाल्याशिवाय गिअरची गाडी नाही — २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आपल्याकडे मळ्यात बुलेट शिकलेलं पोर थेट चौकात येतं, म्हणून एवढं लांबवलं.

९. दोन्ही पोरांच्या मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिही — चिठ्ठी खिशातून पडते, मनगट पडत नाही.

१०. गाडी लावलीस की आजूबाजूच्या खांबाचा फोटो काढ — रात्री सगळ्या गाड्या पांढऱ्याच दिसतात. आम्ही पाऊण तास दुसऱ्याच्याच गाडीला किल्ली लावत होतो.

११. स्वेटर घे. का ते विचारू नकोस, घे.

१२. पोरांनी विचारलं की या गाड्यांचं आपल्याला काय, तर छाती फुगवून सांग. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचीच पुढे पद्मिनी आली. आणि बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओ २०१२ पासून व्हेस्पा बनवते, अप्रिलियाची आरएस ४५७ ही तिथलीच — घरच्या अंगणातलं पीक माहीत नसलं की पोर बाजारातली भाजी डोक्यावर घेतं.

आता जरा शांत बस आणि पुढचं दोनदा वाच. मला उड्या मारणाऱ्या गाड्यांची भीती वाटली नाही. भीती वाटली ती परतताना.

१३. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांवरून खाली लोंबणारं वाढं, आणि त्या वाढ्यात मागचा दिवा असलाच तर बुडालेला. तू ताशी ऐंशीनं निघालास म्हणजे दर सेकंदाला बावीस मीटर कापतोस. ट्रॅक्टर चाललेला असतो विसानं. आम्हाला पाटस सोडल्यावर ती ट्रॉली दिसली तेव्हा उसाची कांडी मोजता आली असती! म्हणून अंधारात वेग साठाच्या आतच ठेव, आणि लाल ठिपका दिसला तर ट्रॉली समज, नाही दिसला तरी ट्रॉली समज — घाई केली ट्रॉलीपाशी, मुक्काम पडला दवाखान्यापाशी.

१४. किल्ली सूनबाईकडे दे. तू चांगलं चालवतोस, नाही कोण म्हणतंय? — पण शर्यत बघून आलेल्या गड्याचा उजवा पाय दोन तास तरी शर्यतीतच असतो, आणि तिनं तोवर दोन डुलक्या काढलेल्या असतात.

१५. सोमवारी शाळा बुडणारच. चिठ्ठीत पोटदुखी लिहू नकोस — मंगळवारी तुझा थोरला बाकावरून उड्या मारून अख्ख्या वर्गाला सुपरक्रॉस दाखवणार आहे.