कोंबडीची पिसे का झडतात? खानदेशातील परसदार कुक्कुटपालकांसाठी काही विचार

पावसाळा सरून दिवस लहान होऊ लागले की, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या शिरपूर, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील, तसेच साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील आठवडे बाजारांत एक दृश्य हमखास दिसते. डालग्यात बसविलेल्या काही कोंबड्यांच्या माना बोडक्या झालेल्या असतात, शेपट्या गळालेल्या असतात, तुरे सुकून फिकट पडलेले असतात. विकणारी स्त्री भावासाठी फारशी घासाघीस करीत नाही, कारण कोंबडीस काही रोग जडला आहे व ती दगावण्यापूर्वी चार पैसे हाती आलेले बरे, अशी तिची समजूत असते. घेणाराही ती समजूत दूर करीत नाही. वास्तविक यांतील पुष्कळशा कोंबड्या निरोगी असतात. इतकेच नव्हे, तर त्यांतील काही घरातील सर्वांत चांगल्या अंडी देणाऱ्या असतात. परसातील कोंबडी म्हणजे आदिवासी व भूमिहीन कुटुंबातील स्त्रीच्या स्वतःच्या हातातील पैसा होय. तेल-मीठ, मुलांच्या वह्या, दवाखान्याची फेरी या गरजा त्यातून भागतात. तेव्हा पिसे झडण्याचे कारण नेमके ओळखता येणे ही सामान्य बाब नव्हे.

पिसे झडण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले नैसर्गिक पिसगळीचे, दुसरे कोंबड्यांनी एकमेकींना टोचण्याचे आणि तिसरे अंगावरील कीटकांचे. तिन्हींचे उपाय भिन्न असल्याने प्रथम त्यांतील भेद समजून घेतला पाहिजे.

नैसर्गिक पिसगळ

साप ज्याप्रमाणे कात टाकतो, त्याप्रमाणे पक्षी जुनी, झिजलेली पिसे टाकून नवी धारण करतो. कोंबडीच्या बाबतीत हे साधारणतः वर्षातून एकदा घडते, आणि त्यास दिवसाच्या लांबीचा इशारा कारणीभूत असतो. धुळे-जळगावच्या अक्षांशावर जून महिन्यात दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो, तर डिसेंबरात तो अकरा तासांहूनही किंचित लहान होतो. प्रकाश घटू लागला की, कोंबडीच्या शरीरातील अंडी तयार करणारी यंत्रणा मंदावते व नव्या पिसांची वाढ सुरू होते. पीस हे जवळजवळ संपूर्णपणे प्रथिनांचे बनलेले असते. एकाच वेळी अंडी व पिसे या दोहोंसाठी प्रथिने पुरविणे कोंबडीस जड जाते, म्हणून ती अंडी देणे थांबविते. तुरा आक्रसणे व फिकट होणे हे त्या विश्रांतीचेच चिन्ह आहे. पिसे भरून येऊन तुरा पुन्हा लाल व तुकतुकीत झाला की, अंडी सुरू होण्याची वेळ जवळ आली असे समजावे.

ऋतूखेरीज अन्य कारणांनीही पिसगळ होते. वैशाखात पाणी दिवसभर आटलेले राहिले, दाणा एकाएकी बंद झाला किंवा कोंबडी दूरच्या गावी नेली गेली, तर अवेळी पिसे झडतात. खुडूक कोंबडी अंड्यांना ऊब मिळावी म्हणून पोटाखालची पिसे स्वतःच उपटते आणि एकवीस दिवस अत्यल्प खाऊन बसते. पिल्ले बाहेर पडल्यानंतर तिची उरलीसुरली पिसे विस्कटलेली दिसतात. हे मातृत्वाचे लक्षण आहे, त्यावर औषध शोधू नये.

नैसर्गिक पिसगळीस एक ठरलेला क्रम असतो. प्रथम डोके व मान, मग छाती व अंग, नंतर पंख आणि शेपटी. शरीराच्या दोन्ही बाजूंस ती सारखीच होते. बोडक्या जागी बोट फिरविले तर कोवळ्या पिसांच्या टोकदार नळ्या हातास लागतात. त्वचा स्वच्छ असते, जखम नसते. या नळ्यांत रक्त असते व त्या दुखऱ्या असतात, म्हणून अशा दिवसांत कोंबडीस उगाच धरू नये.

पंख उघडून पाहिल्यास आणखी एक उपयुक्त गोष्ट कळते. पंखाच्या बाहेरील भागात दहा मोठी पिसे असतात. त्यांच्या व आतील पिसांच्या मध्ये एक आखूड पीस असते. मोठी पिसे या आखूड पिसाजवळून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने क्रमाने गळतात, व प्रत्येक नवे पीस पूर्ण वाढण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. जी कोंबडी एकेक पीस सावकाश टाकते, तिला सारा पंख नवा करण्यास पाच-सहा महिने लागू शकतात. जी एका वेळी दोन-तीन पिसे टाकते, ती त्याच्या जवळपास निम्म्या काळात मोकळी होते. अनुभव असा आहे की, उशिरा पिसे गाळू लागणारी व झपाट्याने ती बदलणारी कोंबडी चांगली अंडी देणारी असते, तर पावसाळ्याच्या मध्यासच पिसे टाकून महिनोन्‌महिने रेंगाळणारी कोंबडी सुमार असते. दिसण्यात मात्र उलट भास होतो. झपाट्याने पिसे टाकणारी अगदी केविलवाणी व ओंगळ दिसते, आणि रेंगाळणारी बरीचशी नीटनेटकी राहते. त्यामुळे बाजारात जावयास हवी ती घरी राहते व घरी ठेवावयास हवी ती बाजारात जाते.

या काळातील आहार

खानदेशात परसातील कोंबडीस ज्वारी, बाजरी वा मका टाकण्याची रीत आहे. ही धान्ये ताकद देतात, परंतु पिसांसाठी लागणारी गंधकयुक्त प्रथिने त्यांत थोडी असतात. सुकट, तिळाची पेंड, वाळवी व उकिरड्यातील किडे यांनी ती उणीव भरून निघते. पिल्लांना वाळवी घालण्याची जी जुनी पद्धत आहे, ती शास्त्रास धरूनच आहे. शेंगदाण्याची पेंड चालते, मात्र बुरशी आलेली पेंड कदापि देऊ नये, तिच्यातील विष यकृताचा नाश करते. कापूस पिकविणाऱ्या या भागात सरकीची पेंड स्वस्त व मुबलक मिळते, म्हणून ती कोंबड्यांना टाकण्याचा मोह होतो. गुरांना मानवणारी ही पेंड कोंबड्यांना मानवत नाही. तिच्यातील द्रव्यामुळे अंड्याचा बलक हिरवट पडतो व प्रकृतीसही अपाय होतो. मेथी, लसूणघास, शेवग्याचा पाला अशी हिरवी भाजी आणि दिवसभर सावलीत स्वच्छ पाणी, एवढ्याने बरेच साधते.

टोचण्याची खोड

दुसऱ्या प्रकारात पिसे गळत नाहीत, ती उपटली जातात. त्यांच्या जागाही निराळ्या असतात. पाठ, शेपटीचे मूळ व गुदद्वाराभोवतीचा भाग उघडा पडतो, तर डोके व छाती बहुधा शाबूत राहतात. पिसे अर्ध्यात मोडलेली असतात, त्वचा लाल होते व कधी रक्त येते. रक्त दिसले की इतर कोंबड्याही त्याच जागी तुटून पडतात, आणि एका रात्रीत चांगली तलंग मरून पडलेली आढळते. पुष्कळदा त्याचा दोष मुंगसावर जातो.

कोंबड्यांच्या कळपात मानपानाची एक उतरंड असते. कोणी कोणास टोचावे व कोणी निमूटपणे सहन करावे हे त्यांच्यात ठरलेले असते. नॉर्वेमधील थोर्लीफ श्येल्डरुप-एब्ब या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी या उतरंडीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. गावातील गृहिणीस ती अर्थातच त्याआधीपासून ठाऊक होती! ही उतरंड स्थिर असते तोवर कळपात शांतता नांदते. एखाद्या योजनेतून मिळालेले वनराजा किंवा गिरिराज जातीचे नवे पक्षी जुन्या गावठी कोंबड्यांत एकदम सोडले की ती मोडते. मग महिनाभरात ‘सरकारी कोंबड्यांना रोग आहे’ अशी तक्रार ग्रामपंचायतीत येते. ही तक्रार फेटाळण्यापूर्वी वा वर पाठविण्यापूर्वी सदस्यांनी खुराडे स्वतः पाहावे, हे उत्तम.

खुराड्यात रात्री प्रत्येक मोठ्या पक्ष्यास निदान एक ते दीड चौरस फूट जागा मिळते काय? दाणा एकाच टोपल्यात ठेवला जातो, की दुबळ्यांनाही वाटा मिळावा म्हणून दोन-तीन ठिकाणी पसरला जातो? आहारात प्रथिने व मीठ यांची उणीव असली तरीही कोंबड्या पिसे व रक्त यांकडे वळतात. मीठ मात्र बेताचेच द्यावे, अधिक झाल्यास ते विषासारखे ठरते. नवे पक्षी प्रथम जाळीआड काही दिवस शेजारी ठेवून नंतर रात्रीच्या वेळी एकत्र केल्यास भांडण कमी होते. जखमी कोंबडी तत्काळ वेगळी करून जखमेवर जांभळे औषध लावावे. त्याने जखम निर्जंतुक होते व तांबडा रंगही झाकला जातो. दिवसभर हिंडणाऱ्या पाच-दहा कोंबड्यांची चोच कापण्याची मुळीच आवश्यकता नाही. कोंबीची जुडी वा पालेभाजी उंचावर टांगली की रिकाम्या चोचींना उद्योग मिळतो.

केवळ पाठीवरची व मानेमागची पिसे झिजली असतील, तर दोष कोंबड्याचा असतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरेसा आहे. चार कोंबड्यांत दोन नर ठेवल्यास त्यांच्या नख्यांनी माद्यांची पाठ सोलवटते.

अंगावरील कीटक

उवा पिसांच्या मुळाशी, विशेषतः गुदद्वाराजवळ व पंखाखाली दिवसाही दिसतात. गोचिडीचे तसे नाही. ती दिवसा मातीच्या भिंतीच्या व लाकडाच्या फटींत दडून बसते, रात्री रक्त पिते व पहाटे परतते. त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून ‘काही नाही’ असे म्हणणे फसवे ठरते. कंदील वा विजेरी घेऊन रात्री खुराड्याच्या फटी पाहाव्यात. फटी लिंपून चुन्याची सफेदी द्यावी आणि कोंबड्यांना लोळण्यासाठी राख व कोरड्या मातीचा खळगा करून ठेवावा. कपाशीवर फवारून उरलेले कीटकनाशक कोंबडीच्या अंगास चोळण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. त्याने कोंबडी दगावते व चोळणाऱ्यासही विषबाधा होऊ शकते. योग्य औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्यावे.

काही गावठी कोंबड्यांची मान जन्मतःच उघडी असते. हा रोग नसून आनुवंशिक गुण आहे, आणि अंगावर पिसे कमी असल्याने खानदेशच्या उन्हाळ्यात तो त्यांच्या पथ्यावरच पडतो.

धोक्याची चिन्हे

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळली. हा तालुका १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. त्यापाठोपाठ मार्च महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही गावांच्या परसातील कोंबड्यांतही हा रोग निघाला. २०२१ साली नवापुरात तो पुन्हा उद्भवला. साथ रोखण्यासाठी बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करावे लागले. तेव्हापासून पीस गळाले की काहींच्या मनात भीती उभी राहते, तर काही जण पक्षी नष्ट होतील या धास्तीने खरी मरतूकही लपवितात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. पिसे झडणे हे बर्ड फ्लूचे किंवा मानमोडीचे लक्षण नव्हे. अनेक पक्षी एकाएकी मरणे, तुरा व गलोल निळसर पडणे, डोके सुजणे, मान मुरडणे, हिरवट हगवण व धाप लागणे ही चिन्हे मात्र तातडीची समजावीत. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशी माहिती देण्याची जबाबदारी मालकावर व गावपातळीवरील यंत्रणेवर आहे. मेलेले पक्षी उकिरड्यावर वा नाल्यात न टाकता, हाताळू न देता, पशुधन विकास अधिकाऱ्यांस त्याच दिवशी कळवावे.

शिक्षकांना या कामी मोठा वाटा उचलता येईल. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत येणारी मुले घरून गळालेली पिसे सहज आणू शकतात. पूर्ण पीस, मोडलेले पीस व मुळाशी उवांची अंडी चिकटलेले पीस अशी तीन पिसे फळ्याशेजारी लावली की, कोणत्या घरी दाणा बदलावा, कोणत्या घरी खुराडे वाढवावे व कोणत्या घरी चुना लावावा, हे मुलेच सांगू लागतात. पिसे हाताळून झाल्यावर हात साबणाने धुण्यास मात्र विसरू नये. गावात मरतूक चालू असेल, त्या वर्षी हा प्रयोग करूच नये.