रमजानपूर्वीचे नियोजन आणि मेडिकल दुकानदाराची जबाबदारी

आपल्या समाजातील अनेक तरुणांनी डी. फार्म. किंवा बी. फार्म. करून मेडिकलचा व्यवसाय पत्करला आहे. हा व्यवसाय किराणा किंवा कापडाच्या व्यवसायासारखा नाही. कापड पसंत पडले नाही तर ग्राहक ते परत आणतो. औषधाच्या बाबतीत तशी सवड मिळेलच असे नाही. म्हणून काउंटरवरचा फार्मासिस्ट हा विक्रेता तर आहेच, पण रुग्णाच्या उपचारातला भागीदारही आहे.

१९९० साली हेपलर आणि स्ट्रँड या अमेरिकन अभ्यासकांनी हा विचार स्पष्टपणे मांडला. औषध हाती दिले म्हणजे फार्मासिस्टचे काम संपले असे नाही, त्या औषधाने रुग्णाला गुण येतो की नाही हेही त्याने पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९६ पासून अमेरिकेतील ॲशव्हिल शहराच्या पालिकेने याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. तेथील फार्मासिस्ट मधुमेही कर्मचाऱ्यांना ठराविक मुदतीने भेटत, त्यांची साखर व औषधे यांचा आढावा घेत आणि पालिका त्यांना या कामाचा मोबदला देई. कर्मचाऱ्यांची साखर आटोक्यात आली. औषधांवरचा खर्च वाढला, तरी एकूण वैद्यकीय खर्च घटला. आपल्याकडेही २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाला औषधाची मात्रा, वेळ, दुष्परिणाम आणि डोस चुकल्यास काय करावे हे समजावून सांगणे ही नोंदणीकृत फार्मासिस्टची जबाबदारी आहे.

आपल्या मोहल्ल्यात या जबाबदारीची खरी कसोटी रमजानमध्ये लागते. मधुमेहाचा रुग्ण रोजे धरायचे ठरवतो आणि गोळ्यांच्या वेळा आपल्या मनानेच बदलतो. सकाळची गोळी सेहरीला, रात्रीची इफ्तारला, असा त्याचा सरळ हिशेब असतो. धोका इथेच आहे. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोट रिकामे असले तरी साखर उतरवतात. सेहरीला घेतलेला मोठा डोस दिवसभराच्या उपवासात घाम, थरथर, गोंधळ आणि शेवटी बेशुद्धी आणू शकतो. नुसत्या मेटफॉर्मिनने हा धोका फार कमी असतो. परंतु आज अनेक रुग्ण ग्लिमेपिराइड व मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी घेतात आणि आपल्या गोळीत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. फार्मासिस्टला मात्र ते ठाऊक असते.

मग त्याने काय करावे?

१) रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी नेहमीच्या मधुमेही ग्राहकांना विचारावे, ‘चाचा, यंदा रोजे धरणार का?’ धरणार असतील तर त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवावे.

२) रुग्णाच्या सर्व औषधांची यादी करून द्यावी. दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या नावांनी एकच औषध लिहिलेले असू शकते. अशी यादी डॉक्टरांनाही उपयोगी पडते.

३) डोस स्वतः बदलू नये. तो अधिकार डॉक्टरांचा आहे. डॉक्टरांनी नवी वेळ ठरवून दिली की ती पाकिटावर ‘सेहरी’ किंवा ‘इफ्तार’ अशा शब्दांत ठळक लिहावी.

४) रोज्यातही साखर तपासण्यास सांगावे. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. साखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून ताबडतोब प्यावी. इफ्तारला थोडाच वेळ उरला आहे म्हणून थांबू नये.

५) इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे विकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि नुकतीच साखर एकदम उतरून गेलेली माणसे यांना जोखीम अधिक असते. अशांना डॉक्टरांनी रोजे धरू नका असे सांगितले, तर कुरआनने आजारी माणसाला दिलेल्या सवलतीची आठवण करून द्यावी आणि पुढच्या तपशिलासाठी आलिमांकडे पाठवावे.

या कामाला भांडवल लागत नाही. एक वही आणि प्रत्येक रुग्णामागे दहा मिनिटे पुरतात. दुकानातल्या नोकरावर मात्र हे काम सोपवू नये. सल्ला नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावा.

काही बांधव विचारतील, यात धंद्याचा काय फायदा? जो दुकानदार दोन रुपये सूट देतो त्याचा ग्राहक तीन रुपये सूट देणाऱ्याकडे निघून जातो. ज्याने वडिलांची साखर वेळेवर सांभाळली त्याचे दुकान मात्र ते घर सहसा सोडत नाही. जे वाचक रुग्ण आहेत त्यांनीही औषध घेताना केवळ किंमत विचारू नये. गोळी कशाची, केव्हा घ्यायची आणि रोज्यात चालेल का, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. विचारणारा ग्राहक आणि समजावून सांगणारा दुकानदार एकत्र आले, तर बेशुद्ध पडून दवाखान्यात न्यावे लागण्याचे कितीतरी प्रसंग टळतील.