बाराखडी येते ना, मग संगणकावर लिहिता येते



पुष्कळ जणांना वाटते की संगणकावर लिहायचे म्हणजे आधी इंग्रजी यायला पाहिजे. माझी आजीसुद्धा असेच म्हणते. पण ते खरे नाही. ज्याला बाराखडी येते त्याला संगणकावर मराठी लिहिता येते. कसे ते मी सांगते.

लिहिण्यासाठी संगणकात एक प्रोग्राम असतो. कुठे मायक्रोसॉफ्ट वर्ड असतो, कुठे लिबरऑफिस रायटर. रायटर फुकट मिळतो. तो उघडला की कोरा पांढरा कागद दिसतो आणि त्यावर एक उभी रेघ लुकलुकत असते. तिला कर्सर म्हणतात. ती जिथे असेल तिथेच अक्षर उमटते.

आता बटणे. ज्या फळीवर ती असतात तिला कळफलक म्हणतात. बटणांवर इंग्रजी अक्षरे छापलेली दिसतात, म्हणून आपण घाबरतो. पण पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचे नाव असते. तिथे मराठी निवडली की तीच बटणे मराठी होतात. (तिथे मराठी नसेल तर बाईंना सांगावे. ती एकदाच बसवावी लागते.) बटणांच्या या मांडणीला इनस्क्रिप्ट म्हणतात. ती भारत सरकारने १९८६ साली ठरवली. कन्नड, गुजराती, तेलुगू लिहिणाऱ्यांनाही हीच मांडणी आहे. म्हणजे आपण जिथे क दाबतो तिथेच कर्नाटकातली मुले त्यांचा क दाबतात.

मांडणी आपल्या वर्णमालेसारखीच आहे. डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी, उकार. उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. म, न आणि व मात्र खालच्या ओळीत जरा डावीकडे गेले आहेत. व्यंजनांच्या जोड्या एकाच बटणावर राहतात. नुसते दाबले तर क, शिफ्ट धरून दाबले तर ख. तसेच ग-घ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ. काना साधा दाबला तर काना, शिफ्ट धरून दाबला तर आ. एवढे कळले की निम्मे काम झाले.

इंग्रजी एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असतो. एफवर आपली पहिली वेलांटी आहे आणि जेवर र आहे. दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटे तिथे ठेवायची, म्हणजे खाली न बघता बाकीची बटणे सापडतात.

आता आपल्या तालुक्यांची नावे लिहू. शिरूर: शिफ्ट धरून एम, मग एफ, जे, टी, जे. दौंड: ओ, क्यू, एक्स आणि शेवटी पीच्या शेजारचे बटण. झाले!

इथे एक गंमत आहे. कागदावर शि लिहिला की वेलांटी श च्या डावीकडे दिसते. म्हणून मुले आधी वेलांटी दाबतात आणि मग अक्षर बिघडते. जुन्या मराठी टाईपरायटरवर वेलांटी आधीच दाबत असत. संगणकावर तसे नाही. तोंडाने म्हणतो तसे दाबायचे. आधी श, मग वेलांटी. ती आपल्या जागेवर आपोआप जाऊन बसते.

जोडाक्षरही असेच. डी हे पाय मोडायचे बटण आहे. ज्वारी लिहायची असेल तर ज लिहा, डीने त्याचा पाय मोडा, मग व, काना, र, दुसरी वेलांटी. क चा पाय मोडून ष लिहिला की क्ष तयार होतो. फक्त र कडे नीट लक्ष द्यावे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात शिफ्ट धरून र. पुढे दोन्हींत डी आणि य. आपल्या शेतकऱ्यात दुसरा र आहे हे विसरू नका.

ओळ संपली की एंटर दाबू नये. ओळ आपणहून खाली जाते. एंटर फक्त नवा परिच्छेद सुरू करताना.

चुकले तर खाडाखोड होत नाही. बॅकस्पेस दाबला की कर्सरच्या मागचे पुसते. जास्तच गोंधळ झाला तर कंट्रोल आणि झेड दाबावे, आधी होते तसे परत येते. मला हा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. मागे माझ्या आईचे आडनाव बाहेर टाईप करून घेतलेल्या एका अर्जात चुकले. एका अक्षरासाठी तिला परत एस.टी.ने जावे लागले, पैसे परत द्यावे लागले आणि त्या दिवसाची मजुरीही बुडाली. अर्ज आपल्याजवळ संगणकात असता तर एक अक्षर बदलून दोन मिनिटांत दुसरा कागद निघाला असता. वडिलांच्या अर्जालाही तोच चालला असता, फक्त नाव आणि तारीख बदलायची.

पण जवळ असता म्हणजे काय? तर सेव्ह केलेला असता. लिहिलेले नुसते पडद्यावर असते तोपर्यंत ते कच्चे असते. आपल्याकडे लाईट कधी जाईल ते सांगता येत नाही. लाईट गेली की ते जाते. काही प्रोग्राम थोडेफार राखून ठेवतात, पण त्या भरवशावर बसू नये. कंट्रोल धरून एस दाबावे, पहिल्या वेळी नाव द्यावे. नाव 'अर्ज' एवढेच देऊ नका, दहा अर्ज झाले की कोणता कोणाचा ते कळत नाही. 'आईचा रेशनकार्ड अर्ज' असे द्यावे. मी तर दर दोन ओळींनी सेव्ह करते. मुले हसतात, हसू देत.

खाली माझ्या मैत्रिणीने कळफलकाचे चित्र काढले आहे. त्यावर बोट ठेवून पुढचे शब्द लिहून बघा. आई-वडिलांनीही बघावेत, संगणक नसला तरी चालतो: ऊस, भीमा, घोडनदी, रांजणगाव, ग्रामपंचायत, विद्यार्थी, तिसऱ्या.

– इयत्ता चौथी