ड्रोन किती उंच न्यावा?



लग्नाच्या शूटिंगमुळे ड्रोन आता खेड्यापाड्यांतही ओळखीचा झाला आहे. मुलांच्या हातीही खेळण्यातले आणि खेळण्याहून थोडे मोठे ड्रोन दिसू लागले आहेत. त्यामुळे वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, हा किती वर जातो?" यंत्र किती वर जाते याचे उत्तर खोक्यावर छापलेले असते. किती वर न्यावे, हा प्रश्न वेगळा आहे आणि आज आपल्याला त्याचाच विचार करायचा आहे.

आपल्या देशात ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोन नियम लागू झाले. त्यांनुसार नकाशावर आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते, तर लाल भागात केंद्र सरकारची. आपले नंदगड सांब्रा विमानतळापासून बरेच दूर आहे. पण सुट्टीत बेळगावच्या पूर्वेकडील गावी मामाकडे ड्रोन घेऊन जाणाऱ्यांनी आधी 'डिजिटल स्काय'वरचा नकाशा पाहावा. तेथे विमानतळाला लागूनच हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्रही आहे.

१२० मीटर म्हणजे किती? विजापूरचा गोलघुमट साधारण ५१ मीटर उंच आहे. असे दोन घुमट एकावर एक ठेवले तरी १८ मीटर उरतात. हीच मर्यादा का, तर गावाबाहेरच्या मोकळ्या भागात विमानांनी चढण्या-उतरण्याची वेळ सोडून साधारण ५०० फुटांच्या खाली येऊ नये असा संकेत आहे. ड्रोन ४०० फुटांखाली राहिला की मध्ये १०० फुटांची मोकळी जागा राहते. शेताच्या दोन बांधांमध्ये सोडलेल्या वाटेसारखीच ही जागा समजा.

आता खरी मेख पाहू. मर्यादा मोजायची ती ड्रोनच्या थेट खाली असलेल्या जमिनीपासून. बहुतेक ड्रोन मात्र पडद्यावर दाखवतात ती उंची जेथून उड्डाण केले त्या जागेपासूनची. ड्रोनमधील वायुदाबमापक वर जाताना कमी होणारा दाब मोजतो. साधारण ८ ते ९ मीटरला दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. त्याला खालचा डोंगर किंवा दरी कळत नाही. समजा, शेतापेक्षा १०० मीटर उंच असलेल्या टेकडीवरून तुम्ही ड्रोन ८० मीटर वर नेला आणि शेतावर आणला. पडदा ८० म्हणतो, पण ड्रोन जमिनीपासून १८० मीटरवर आहे! उलट शेतातून ९० मीटर चढवून टेकडीकडे नेला तर तो टेकडीवरच आदळेल. आपल्या खानापूर तालुक्यासारख्या चढउताराच्या मुलखात पडद्यावरच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

उंची पाळली म्हणजे सगळे झाले असेही नाही. २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कजवळ एक ड्रोन अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरला धडकला. तेव्हा उंची होती सुमारे ३०० फूट, म्हणजे ४०० च्या आतच. पण उडवणारा जवळजवळ ४ किलोमीटर लांब होता आणि ड्रोन त्याच्या नजरेआड होता. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले. त्यात अडकलेल्या तुकड्यावरून तपास अधिकारी मालकापर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याला टक्कर झाल्याचे कळले. पुढच्याच महिन्यात कॅनडात क्युबेकजवळ एका प्रवासी विमानाला ड्रोन लागला, तो मात्र सुमारे १५०० फुटांवर. डिसेंबर २०१८ मध्ये तर नुसते ड्रोन दिसल्याच्या वार्तेने लंडनचे गॅटविक विमानतळ बंद पडले आणि सुमारे १००० उड्डाणांना फटका बसला.

नजरेचे गणित घरी करून पाहण्यासारखे आहे. २५ सेंटिमीटर रुंदीचा ड्रोन १२० मीटरवर असेल, तर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर धरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा दिसतो. त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे त्या अंतरावरून सांगून दाखवा! आमच्या मते हौशी मुलांना ३०-४० मीटर पुष्कळ झाले. फोटोही तेथूनच चांगले येतात.

पालकांसाठी थोडे. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो आणि व्यवसायासाठी नसलेला २ किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण मायक्रोची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावाच लागतो. नियमभंगाला १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. प्रमाणपत्र हवे असेल तर वय १८ पूर्ण लागते. तेव्हा सूट आहे म्हणून आठवीतल्या मुलाच्या हाती मायक्रो ड्रोन देऊन मोठ्यांनी घरात बसणे आम्हाला पटत नाही.

गर्दीवर तर ड्रोन नेऊच नये. संगोळ्ळी रायण्णांना २६ जानेवारी १८३१ रोजी आपल्या नंदगडमध्ये फाशी दिले गेले. त्या दिवशी समाधीस्थळी लोक जमतात, यात्रांनाही लोटतात. ९०० ग्रॅमचा ड्रोन १२० मीटरवरून पडला, तर हवेचा विरोध सोडून हिशोब केल्यास जमिनीपाशी त्याची ऊर्जा सुमारे १०५८ ज्यूल होते. २० मीटरवरून पडणाऱ्या दीड किलोच्या नारळाची २९४ ज्यूल. हवेमुळे पहिला आकडा बराच खाली येईल, पण नारळाच्या झाडाखाली आपण बाळ झोपवत नाही, हे लक्षात घ्या. भीमगड अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. तेथील बारापेडे गुहांत रॉटनचे दुर्मीळ वटवाघूळ राहते.

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी गृहपाठ : कोनमापकाला दोरा आणि दगड बांधून कोन मोजण्याचे साधन तयार करा. ड्रोनच्या बरोबर खालच्या जागेपासून ४० मीटरवर उभे राहिल्यास, तो ४० मीटर उंच असताना कोन किती दिसेल? ड्रोन नसेल तर हाच प्रयोग शाळेच्या ध्वजस्तंभावर करावा; डोळ्यांची उंची मिळवायला विसरू नये. उत्तरे विज्ञान शिक्षकांकडे द्यावीत.