खडकाची माती कशी होते?



‘दगडासारखा टणक’ असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत होते. पण वैशाखात बाबा आमच्या घरामागच्या उतारावर मुरूम काढत होते, तेव्हा एक गोल धोंडा निघाला. बाबांनी पहारीचा घाव घातला तर त्याची साल निघाली, अगदी कांद्याची निघते तशी! दुसरा घाव, दुसरी साल. साली पिवळट-तांबूस होत्या आणि हाताने चुरत होत्या. चार-पाच साली गेल्यावर आत नारळाएवढा काळा गोटा राहिला. त्यावर मात्र पहार नुसती खणखणली, टवकाही उडेना.

आजी म्हणाली, “अगं, दगड पण कुजतो. लाकूड कुजतं तसा.” मला हसू आले. शाळा उघडल्यावर गोटा आणि साली पिशवीत घालून गुरुजींना दाखवल्या. गुरुजी म्हणाले, “आजीचं बरोबर आहे. भूगोलाच्या पुस्तकात यालाच विदारण म्हणतात. तू भित्तिपत्रकात लिही.” म्हणून हा लेख. गोटा खिडकीत ठेवला आहे, जरूर पाहावा.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. त्याचे थरावर थर बसले. समोरची राजमाचीची भिंत आणि मागची माथेरानची रांग याच थरांची आहे. रस थिजताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. भात कापल्यावर खाचरातली माती तडकते ना, तसेच. म्हणजे आपला कातळ अखंड दिसला तरी जन्मापासूनच भेगाळलेला आहे, आणि पाण्याला आत शिरायला वाट तयार आहे.

खरी करामत या पाण्याची. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायॉक्साइड थोडासा आपल्यात घेते आणि किंचित आंबट होते. जिभेला कळणार नाही इतके. पालापाचोळ्यातून झिरपले की आणखी थोडे. काळ्या दगडात लोखंडाचा अंश असतो, तो या पाण्याने आणि हवेने गंजतो. कोयता पावसात राहिला की तांबूस होतो, तोच रंग माझ्या सालींवर आहे. दगडातली बाकीची काही द्रव्ये बदलून मऊ चिकणमाती होतात. अशा रीतीने कातळाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती.

पण धोंडा गोल का? हे मला दोन दिवस कळले नव्हते. मग गुरुजींनी खडीसाखरेचा खडा तोंडात ठेवायला सांगितला. (हा प्रयोग वर्गातल्या सर्वांनी अगदी मन लावून केला.) आधी खड्याचे कोपरे गेले. कारण कोपऱ्यावर तीन बाजूंनी पाणी लागते, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने. भेगांनी तुटलेला चौकोनी ठोकळा असाच गोल होत जातो.

ऊन आणि मुळेही मदत करतात. वैशाखात कातळावर पाय ठेववत नाही, आणि वळवाची सर आली की तो एकदम निवतो. असे वर्षानुवर्षे तापून निवून दगडाचे अंग सैल पडते. पिंपळाचे, उंबराचे मूळ फटीत केसाएवढे शिरते आणि जाडजूड होऊन फट रुंद करते. हिमालयात फटीतल्या पाण्याचे बर्फ होऊन दगड फुटतात. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली!

मागच्या साली सहलीला आम्ही कोंडाणे लेण्यांत गेलो होतो. लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात त्यांच्या तोंडाशी धबधबा पडतो. तिथल्या चैत्यगृहातल्या कितीतरी खांबांचे खालचे भाग गेले आहेत, वरचे तेवढे छताला लोंबत आहेत. पण दर्शनी भागात कोरलेली ब्राह्मी अक्षरे अजून दिसतात. माथेरानला गेलात तर तांबडी वाट दिसेल. तिथे पावसाने दगडातले बाकीचे पुष्कळ काही धुऊन नेले, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले, आणि जांभा झाला.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना माझा हात थांबला होता. आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगड आहे. त्याच्या माथ्यावरच्या कातळाला आरपार नेढे पडले आहे, तेही विदारणानेच. त्याच्या उतारावर इर्शाळवाडी होती, ठाकर लोकांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरची दरड वाडीवर आली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत राहत होती म्हणून वाचली. ती माझ्याच वयाची.

त्याआधी २०१४ साली पुणे जिल्ह्यातले माळीण आणि २०२१ साली आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातले तळिये गाव असेच गेले. कुजलेला दगड उतारावर जागच्या जागी बसून असतो. पाऊस सतत पडला की त्यात पाणी भरते, त्याचे वजन वाढते, कणाकणांची पकड सुटते, आणि तो खालच्या कातळावरून घसरतो. पालकहो, जमिनीला नवी भेग दिसली, झाडे किंवा खांब कलले, दारे अडकू लागली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सकाळची वाट पाहू नये. घर सोडावे आणि पोलीस पाटलांना कळवावे.

हे गुरुजींनी सांगितले त्या दिवशी मी घरी येऊन बाबांना म्हटले, “मुरूम काढू नका.” बाबा म्हणाले, “अंगण सपाट नको का? दर वर्षी चिखल होतो.” मी गप्प बसले. मग आजीने सुपातल्या भाताची ओटीवर रास केली आणि बाबांसमोरच बुडातून दोन मुठी काढल्या. वरचे भात सरसर खाली आले. आजी काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार आत ठेवली. कापलेल्या जागी आम्ही सगळ्यांनी मिळून दगडांचा गडगा रचला, पाणी निघायला मध्ये फटी ठेवल्या आणि वरच्या अंगाला चर खणला. गडग्याने भागेल की नाही ते बाबांना माहीत नाही, म्हणून आषाढात जोर धरला की आम्ही मामाकडे झोपायला जातो. अंगण अजून एका बाजूला चढाचेच आहे. गोट्या खेळताना माझी गोटी आपोआप विहिरीकडे जाते आणि भाऊ जिंकतो.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी